ऑगस्टातली रिकामी खुर्ची

ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळ गहुंजेला भारत-न्यूझीलंड कसोटीच्या पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना प्यायला पाणी मिळेना. बहुतेक स्टँडवर छप्पर नाही, वर ऊन, आणि पाण्याचे स्टॉल कोरडे. लोकांनी घोषणा दिल्या, आयोजकांनी माफी मागितली. त्याआधी महिनाभर नवी मुंबईतल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमावरून रण पेटलं होतं. २,५०० ते ३५,००० रुपयांची तिकिटं बघता बघता संपली आणि काळ्या बाजारात लाखांचे आकडे फिरू लागले. मग जून २०२५ मध्ये बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली, ११ जण गेले. दर वेळी चर्चा फिरून एकाच वाक्यावर येते: आपल्या लोकांना शिस्तच नाही, परदेशात बघा.

तर बघू. परदेशातल्या शिस्तीचा दाखला म्हणून अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा नॅशनल क्लबकडे हमखास बोट दाखवलं जातं. दर एप्रिलमध्ये तिथे मास्टर्स ही गोल्फ स्पर्धा होते, १९३४ पासून. हजारो माणसं, पण कोणी धावत नाही, कोणाच्या हातात फोन नाही, रिकामी खुर्ची कोणी पळवत नाही. हे सगळं खरं आहे. पण त्याचं श्रेय अमेरिकी संस्कारांना देणं मला पटत नाही. तिथला एक दिवस नीट उलगडला तर त्यात संस्कार कमी आणि हिशेब जास्त दिसतो.

हिशेब तिकिटापासून सुरू होतो. ‘सकाळी दहाला विक्री सुरू, ज्याचं इंटरनेट वेगवान त्याचं नशीब’ असा प्रकार नाही. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये क्लबच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, एका माणसाचा एकच, आणि तोही फुकट. पुढे सोडत निघते, नंबर लागला तरच पैसे भरायचे. २०२४ मध्ये सरावाच्या दिवसाचं तिकीट १०० डॉलर आणि स्पर्धेच्या दिवसाचं १४० डॉलर होतं. बाहेर त्याच तिकिटाला हजारो डॉलर मोजणारे असतात, पण विकणारा सापडला तर क्लब त्याचं नाव कायमचं काळ्या यादीत टाकतो. स्पर्धेच्या चारही दिवसांच्या बॅजची, म्हणजे पासची, प्रतीक्षायादी १९७२ मध्ये सुरू झाली आणि १९७८ मध्ये बंद करावी लागली, इतकी ती लांबली. असा बॅज घरात असलेला माणूस प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे पाऊल टाकायच्या आधी दहादा विचार करतो. त्याला आपण शिस्त म्हणतो.

नंबर लागलाच तर कोणता दिवस घ्यावा? सोमवार ते बुधवार सराव, गुरुवार ते रविवार स्पर्धा. पहिल्यांदाच जाणाऱ्याने सरावाचा दिवस घ्यावा, असं माझं स्पष्ट मत. सरावाला साधा कॅमेरा नेता येतो, स्पर्धेच्या दिवशी तोही नाही. खेळाडू मोकळे असतात, एकाच जागेवरून तीन-तीन चेंडू मारून बघतात. सोळाव्या होलवर (चेंडू खड्ड्यात घालायचे असे अठरा टप्पे मैदानात असतात) तर प्रेक्षकांच्या आग्रहाखातर तळ्याच्या पाण्यावरून चेंडू टप्पे खात पलीकडच्या ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, पाठवतात, आपण नदीत भाकऱ्या मारतो तसे. धोका पावसाचा. २०२५ च्या सोमवारी वादळामुळे सराव मध्येच थांबवून सगळ्यांना बाहेर काढावं लागलं. क्लबने तिकिटाचे पैसे परत केले आणि पुढच्या वर्षी तिकीट विकत घेण्याची हमीही दिली. आपल्याकडे सामना पावसात गेला की परताव्याच्या अटी वाचण्यातच आठवडा जातो.

आत फोन चालत नाही. ‘सायलेंटवर ठेवा’ हा प्रकारच नाही, फोन गाडीत ठेवूनच यायचं. पिशवी १० बाय १० बाय १२ इंचांपेक्षा मोठी नको. बाहेरचं खाणंपिणं, झेंडे, फलक, हात टेकायची सोय असलेली खुर्ची, सेल्फी स्टिक, सगळं दारातच थांबतं. इथे नवखे लोक हमखास चुकतात. घड्याळ फोनमध्ये, नकाशा फोनमध्ये, आणि बायकोचा नंबरसुद्धा फोनमध्येच. म्हणून हातात साधं काट्यांचं घड्याळ हवं, चार महत्त्वाचे नंबर कागदावर हवेत, आणि चुकामूक झाली तर कुठे, किती वाजता भेटायचं ते आत शिरण्यापूर्वीच ठरलेलं हवं. फोन करायचाच असेल तर मैदानात क्लबने ठेवलेले फोन आहेत, तेही फुकट. कोणाची जोडी किती वाजता निघणार याचा छापील कागद फुकट मिळतो. फटक्यांचे फलक मोठे, हाताने बदलायचे: पारपेक्षा, म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, कमी फटके लाल आकड्यात, जास्त असतील तर हिरव्यात.

फोनबंदीचं कौतुक करणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की बंदी ही यातली शेवटची पायरी आहे. आधी घड्याळं, फलक, फुकटचे फोन, छापील कागद आणि हातात धरायचं तिकीट दिलं, मग फोन काढून घेतला. आपल्याकडे तिकीट फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, परतीची रिक्षाही फोनमध्येच. यातल्या एकाचीही सोय न करता उद्या कोणी ‘ऑगस्टासारखी’ फोनबंदी आणली तर गर्दीत हरवलेलं पोर शोधायचं कसं, हे आधी सांगावं.

आता खुर्ची. सकाळी दार उघडलं की लोक हातातली घडीची खुर्ची घेऊन झपाझप चालतात. धावलं की रखवालदार अडवतो, त्यामुळे धावणं आणि चालणं यांच्या मधली एक विनोदी चाल बघायला मिळते. आवडत्या ग्रीनजवळ खुर्ची मांडायची, तिच्यावर नाव घालायचं आणि खुशाल दिवसभर हिंडायचं. परत येईपर्यंत खुर्ची तिथेच असते. मधल्या वेळेत कोणी त्यात टेकलं असेल तर मालक दिसताच मुकाट उठतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या लोकांना हे चमत्कारिक वाटायला नको. रुमालही आपण सहसा उचलत नाही. फरक इतकाच की ऑगस्टाच्या नियमात रिकामी जागा वाया जात नाही. धरणाऱ्याचा हक्क राहतो आणि दमलेल्याला तासभर बसायलाही मिळतं. आपल्या सभागृहांत पहिल्या तीन रांगा ‘निमंत्रितांसाठी’ रिकाम्या आणि मागे लोक उभे, तिथे हा नियम उद्यापासून लावता येईल. त्याला गवत लागत नाही.

खुर्ची मांडून मैदान हिंडायला निघालं की पहिला धक्का चढउतारांचा. दूरचित्रवाणीवर सगळं सपाट दिसतं. प्रत्यक्षात क्लबहाउसपासून खालच्या ओढ्यापर्यंत सुमारे १७५ फुटांचा उतार आहे, म्हणजे पंधरासोळा मजली इमारत. दहावा होल ४९५ यार्डांचा, तो जवळपास दरीतच उतरतो. अठरा होल मिळून साडेसात हजारांहून जास्त यार्ड, साधारण सात किलोमीटर. पण ते सरळ रेषेत. प्रेक्षकाची वाट वळणावळणाची, त्यामुळे दहा-बारा किलोमीटर सहज होतात. जुने, पायात बसलेले बूट घाला. पाऊस झाला असेल तर त्या उतारावर घसरून पडणारे कमी नसतात.

दुसरी चूक म्हणजे नामवंत खेळाडूच्या मागे मागे फिरणं. पाच-सहा रांगांमागून फक्त टोप्या दिसतात, आणि फेअरवे, म्हणजे खेळायचा हिरवा पट्टा, ओलांडायची वाट खेळाडू पुढे गेल्याशिवाय उघडत नाही, त्यामुळे आपण कायम एक फटका मागे राहतो. त्यापेक्षा एक होल पुढे जाऊन थांबावं, किंवा पत्रकावर शेवटच्या नावांमधल्या एखाद्या जोडीबरोबर चालावं. तिथे खेळाडू आणि त्याच्या काठ्या वाहणारा कॅडी यांचं बोलणं ऐकू येतं: वारा किती, चेंडू कुठे टप्पा घेईल, कोणती काठी. गोल्फ कळतो तो तिथे.

बसून बघायचं असेल तर बाराव्या होलच्या टीमागचा, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेमागचा, स्टँड. अकराव्याचं ग्रीन, अख्खा बारावा होल आणि तेराव्याची सुरुवात, तिन्ही एका नजरेत. बारावा जेमतेम १५५ यार्डांचा, पण समोर रेज क्रीक हा ओढा, ग्रीन अरुंद, आणि उंच पाइन झाडांत वारा असा गरगरतो की अकराव्याचा झेंडा एकीकडे फडफडतो आणि बाराव्याचा दुसरीकडे. २०१६ मध्ये आघाडीवर असलेल्या जॉर्डन स्पीथने इथे दोन चेंडू पाण्यात घालून सात फटके घेतले. २०१९ च्या शेवटच्या दिवशी आघाडीवर असलेल्या मोलिनारीचा चेंडू पाण्यात गेला आणि टायगर वूड्सचा रस्ता मोकळा झाला. पलीकडे ग्रीनजवळ प्रेक्षकांना मज्जाव आहे. खेळाडू पूल ओलांडून जातात आणि कॅडीसह एकटेच उरतात. इतक्या माणसांतली ती शांतता फक्त तिथे उभं राहूनच कळते.

बाकीची बातमी आवाजाने येते. कुठून तरी झाडांपलीकडून गर्जना उठते, लोक एकमेकांकडे बघतात, कोणत्या होलवरून आली याचा अंदाज बांधतात. मग फलकावरचा माणूस आतून जुना आकडा काढतो, नवा लावण्याआधी क्षणभर थांबतो, आणि सगळे श्वास धरून त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहतात. फोन असता तर ही मजा मेली असती, हे मान्य.

जेवणाचं प्रकरण तर आपल्या आयोजकांनी वहीत लिहून घ्यावं. पिमेंटो चीजचं (लाल मिरची घातलेल्या चीजचं) सँडविच दीड डॉलर, अंड्याचंही तेवढंच. पाण्याची बाटली २ डॉलर, बिअर ६. अमेरिकेतल्या बहुतेक स्टेडियममध्ये या भावात क्वचितच काही मिळतं. यादी छोटी, सगळं आधीच बांधून मांडलेलं, लोक स्वतः उचलतात आणि शेवटी पैसे देतात, म्हणून रांग सरकत राहते. चव यथातथाच. आपल्या एका बरं जमलेल्या वडापावापुढे ते पिमेंटो टिकणार नाही. पण बाहेरचं आणू देत नाही, तर आतलं परवडलं पाहिजे आणि ते संपता कामा नये, हे साधं गणित क्लबने सोडवलंय. गहुंजेतही पहिल्या दिवसाच्या गोंधळानंतर पाणी फुकट वाटलं गेलंच. म्हणजे जमत होतं.

आता ‘शिस्त रक्तात असते’ म्हणणाऱ्यांसाठी. अमेरिकेतल्याच फिनिक्सला दर फेब्रुवारीत होणाऱ्या गोल्फ स्पर्धेचा सोळावा होल चारही बाजूंनी स्टँडने वेढलेला आहे, आणि तिथे पहिल्याच फटक्यात चेंडू होलमध्ये गेला की बिअरच्या पेल्यांचा पाऊस पडतो. २०२४ मध्ये त्या स्पर्धेच्या शनिवारी गर्दी आणि धिंगाणा इतका वाढला की दारं बंद करून दारूविक्री थांबवावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळ बेथपेजला रायडर कप, म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप हा सामना, झाला. एका दिवसाचं तिकीट सुमारे ७५० डॉलर. तरी युरोपच्या रोरी मॅकिलरॉयला दिवसभर शिव्या पडल्या आणि त्याच्या बायकोच्या टोपीवर बिअरचा पेला आदळला. देश तोच, खेळ तोच. तेव्हा ‘तिकीट महाग करा म्हणजे चांगली माणसं येतील’ हा पुण्या-मुंबईत दर वेळी ऐकू येणारा उपायही निकालात निघतो. ७५० डॉलरवाले शिव्या घालत होते, १४० वाले खुर्चीवरून उठून जागा देत होते.

मात्र ऑगस्टाची नक्कल जशीच्या तशी करू नये, करताही येणार नाही. हा खाजगी क्लब आहे. प्रक्षेपणात जाहिराती मोजक्याच, तिकिटं बाजारभावापेक्षा कितीतरी स्वस्त, हे परवडतं कारण मालकांना कोणाला उत्तर द्यायचं नाही. त्याच मोकळेपणाने त्यांनी दारंही बंद ठेवली होती. मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, खेळला तो १९७५ मध्ये. क्लबचा पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये, आणि पहिल्या दोन स्त्री सभासद थेट २०१२ मध्ये. भारतातून जीव मिल्खा सिंग २००७ मध्ये पहिल्यांदा खेळला आणि संयुक्त ३७ वा आला, त्याचं अप्रूप आपल्याला वाटणारच. पण सभासद कोणाला करायचं हे तिथे आजही आतलेच ठरवतात. कोणाला कायमचं बाहेर काढायचं, तेही. लोकांच्या पैशावर आणि सरकारी जमिनीवर उभ्या राहिलेल्या मैदानांना असा अधिकार देणं मला नको वाटतं. पाण्याचा भाव तिकिटावर छापणं, सोडत काढणं, रिकाम्या खुर्चीचा नियम लावणं, यासाठी तो लागतही नाही.

ऑगस्टात गाडी लावायला मात्र पैसे पडत नाहीत. फाटकांसमोरचं हे मोठं हिरवंगार कुरण पूर्वी एक वस्ती होती. क्लबने एकेक करून घरं विकत घेतली, पाडली आणि तिथे गवत लावलं. संध्याकाळी हजारो गाड्यांमधून आपली शोधायची असते, सगळ्या सारख्याच दिसतात आणि रांगेचा फोटो काढलेला फोन गाडीतच असतो. सकाळी उतरल्याबरोबर रांगेचा नंबर छापील पत्रकाच्या मागे लिहून ठेवा.