डिजिटल ग्रंथालय उभारताय? आधी फीत आणा

नॅकची, म्हणजे विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेची, टीम येणार असल्याचे पत्र आले की विद्यापीठाला आपल्याकडे ग्रंथालय असल्याचे आठवते. ग्रंथपालाची जागा 'भरतीप्रक्रियेत' असल्यामुळे प्रभारी म्हणून तुमची वर्णी लागलेली असते. मूळ विषय भूगोल असला तरी हरकत नाही. कुलगुरू केबिनमध्ये बोलावतील आणि एवढेच म्हणतील, "सर, ते डिजिटल लायब्ररीचं तेवढं बघून घ्या." आता बघून घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, ते सांगतो.

सर्वांत आधी एक खोली ताब्यात घ्या. डिजिटल ग्रंथालय संकेतस्थळावर असते हे खरे, पण संकेतस्थळाला दार नसते आणि दाराशिवाय फीत कापता येत नाही. खोलीत वीस संगणक आणि एसी बसवा, दारावर 'डिजिटल विभाग' अशी पितळी पाटी लावा आणि तिच्याखाली 'चपला बाहेर काढाव्यात' ही दुसरी. वेळ १० ते ५.३०, मध्ये जेवणाची सुट्टी. ई-नियतकालिके फक्त आवारातल्या नेटवर्कवरच उघडतील असे पाहा. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राची इनफेड नावाची सोय आहे. विद्यापीठाने तिचे सदस्य होऊन लॉगिन वाटले, तर विद्यार्थी गावी बसूनही हे सगळे वाचू शकतो. त्यात धोका असा, की तो खरोखर वाचू लागतो, मग खोली रिकामी राहते आणि नोंदवहीत सह्या येत नाहीत. नॅकला सह्या दाखवाव्या लागतात.

पुढचा प्रश्न सॉफ्टवेअरचा. डिजिटल संग्रह साठवून शोधता यावा म्हणून डीस्पेस नावाचे एक सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या ग्रंथालयाने आणि एचपी कंपनीने मिळून ते केले, २००२ पासून ते सर्वांना खुले आहे आणि जगभरची विद्यापीठे ते वापरतात. मात्र ते फुकट आहे. ज्या गोष्टीला पैसे लागत नाहीत तिची फाईल पुढे सरकत नाही, म्हणून फुकटची वस्तू बसवून देण्याची निविदा काढा. निविदा ज्याला मिळेल तो एक मुलगा पाठवील. तो दोन दिवसांत काम उरकील आणि पहिल्या पानावर मुळातच लिहून आलेले 'डीस्पेस ॲट माय युनिव्हर्सिटी' हे शब्द तसेच ठेवील. ते बदलायला सांगू नका. 'माय युनिव्हर्सिटी' वाचून आपलेपणा वाटतो. पासवर्ड त्या मुलाच्याच फोनमध्ये राहू द्या. पुढे त्याला पुण्यात बरी नोकरी लागेल आणि तुमचे सॉफ्टवेअर कोणीही बिघडवू शकणार नाही, कारण आतच जाता येणार नाही. त्याने बसवलेल्या सहाव्या आवृत्तीची देखभाल करणाऱ्यांनी २०२३ मध्येच तिला रामराम ठोकला असेल, पण आपल्याकडे जुन्या गोष्टींना मान असतो.

आता स्कॅनिंग. कामाचा खरा आनंद इथेच आहे. दर पानावर ठरवा आणि सर्वांत कमी दर भरील त्यालाच काम द्या. पानाला पैसे मिळतात म्हटल्यावर कोरी पानेही मन लावून स्कॅन होतात आणि जुन्या गॅझेटिअरमधला घडीचा नकाशा घडीसकट स्कॅन होतो, कारण तो उलगडला तरी पैसे एकाच पानाचे. मास्टर प्रत टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाईल-प्रकारात वेगळी ठेवावी, किमान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) काढावी, कडेच्या ओळी शिवणीत बुडताहेत का ते पाहावे, असे जाणकार सांगत राहतात. जाणकारांची निविदा नेहमी महाग असते. तुमच्या कंत्राटदाराकडे त्याहून जलद पद्धत आहे. तो कापडी बांधणीच्या पुस्तकाची पाठ कटिंग मशीनवर कापतो, सुटी पाने फीडरमध्ये टाकतो आणि संध्याकाळपर्यंत आठ पुस्तके मोकळी करतो. ठिसूळ पाने फीडर खातो. उरलेली पाने सुतळीने बांधून पोटमाळ्यावर जातात. जी पुस्तके कापली जात नाहीत, त्यांच्या दर चौथ्या पानावर डाव्या हाताचा एक अंगठा दिसतो. चारशे पाने वाचल्यावर त्या अंगठ्याशी ओळख होते. लेखकाशी व्हायची तेवढी होत नाही, कारण नेमक्या त्याच्याच ओळी अंगठ्याखाली असतात.

मग प्रत्येक पानावर विद्यापीठाचे बोधचिन्ह तिरके आणि ठळक छापा. १८८० सालच्या पुस्तकावरही छापा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटली की आपल्या कायद्याप्रमाणे पुस्तक सर्वांचे होते, असे कोणी म्हणेल. म्हणूनच तर चिन्ह छापायचे. सर्वांचे होऊन गेलेले पुस्तक पासवर्डच्या आड ठेवा आणि यंदाचे गाइड मात्र सर्वांना खुले करा. त्यालाच मागणी असते.

मेटाडेटावर, म्हणजे पुस्तकाविषयीच्या नोंदींवर, वेळ घालवू नका. डब्लिन कोअर म्हणून एक पद्धत आहे. शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक अशी पंधरा घरे असतात आणि ती भरायची असतात. घरे भरायला प्रशिक्षित माणूस लागतो आणि तो तर भरतीप्रक्रियेत आहे. तेव्हा 'कमवा आणि शिका'मधल्या पोरांना बसवा. शीर्षकाच्या घरात 'स्कॅन ००१७ फायनल नवीन', कर्त्याच्या घरात प्रकाशक आणि विषयाच्या घरात 'पुस्तक' येईल. राजवाड्यांचे उदाहरण घ्या. एक पोरगा 'वि. का. राजवाडे' लिहील, दुसरा 'राजवाडे विश्वनाथ काशीनाथ', तिसरा इंग्रजी वळणाने 'व्ही. के. राजवाडे' आणि चौथा, भक्तिभावाने, नुसतेच 'इतिहासाचार्य'. शोधणाऱ्याला एका माणसाचे चार लेखक मिळतात आणि आपल्या संग्रहातल्या लेखकांची संख्या आपोआप वाढते. अहवालात ती लिहायला विसरू नका.

यात आपण एकटे नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हा देशाचा मोठा प्रकल्प होता, त्यात लाखो पुस्तके स्कॅन झाली. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले आणि आज ती पुस्तके अमेरिकेतल्या इंटरनेट अर्काइव्हवर शोधावी लागतात. मराठी नावे तिथे रोमन लिपीत अशी काही बसवली आहेत की मोठ्याने वाचल्याशिवाय पुस्तक ओळखू येत नाही. पण ती पुस्तके निदान कुठेतरी उघडतात, आणि उघडली की चुका दिसतात. तुमच्या संग्रहात तोही धोका नाही.

प्रबंधांचे काय, असे विचाराल. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) २००९ च्या नियमांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली आणि ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगे'त, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, सोडायची असते. सोडा, पण जपून. मराठीतला प्रबंध टायपिस्टकडून श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्येच, म्हणजे जुन्या धाटणीच्या फॉन्टात, करून घ्या. डोळ्यांना तो मराठी दिसतो, पण संगणकाला त्यात पौंडाची खूण, डिग्रीची खूण आणि टोपी घातलेली फ्रेंच स्वरचिन्हे दिसतात. 'ज्ञानेश्वर' शोधले तर पाचशे पानांच्या ज्ञानेश्वरांवरच्या प्रबंधात ज्ञानेश्वर शून्य वेळा सापडतात. संगणकाला अक्षरे ओळखता येतात अशा युनिकोडचा आग्रह धरला तर कोणीही शोधील, दोन प्रबंध शेजारी ठेवील आणि दोघांच्या मार्गदर्शकांचा चहा कडू होईल. तशी काही प्रबंधांची ऋणनिर्देशाची फाईल तेवढी सुबक उघडते, आणि बरेच जण तीच वाचतात.

परदेशी नियतकालिकांची काळजी दिल्लीने घेतलीच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आहेत आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आहेत. म्हणजे विद्यापीठाने स्वतः जमवायचे ते एवढेच, जे कुठलाही प्रकाशक विकत नाही. जिल्ह्याच्या साप्ताहिकांचे जुने अंक, कोणी वाड्यातून आणून दिलेले मोडी कागद, बोलीभाषांवरचे एम.फिल.चे प्रबंध, शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या. हे दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाकडे नाही, आणि म्हणूनच याची कोणाशी तुलना होत नाही, क्रमवारीत गुण मिळत नाहीत. वाळवीला मात्र या संग्रहाचे महत्त्व फार लवकर कळते. या संग्रहाच्या स्कॅनिंगचा प्रस्ताव आला तर 'पुढील बैठकीत ठेवावा' असा शेरा मारा.

एक इशारा. चुकूनही मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका पहिल्या पानावर टाकू नका. विद्यार्थी त्या खरोखर उघडतात. परीक्षेच्या आदल्या रात्री सर्व्हरवर ताण येतो, तो बंद पडतो, आणि मग सर्व्हर कोणाच्या ताब्यात आहे हा नको तो प्रश्न निघतो.

बॅकअप एकच ठेवा, एका हार्ड डिस्कवर. डिस्क कपाटात ठेवा आणि किल्ली निवृत्त होणाऱ्या लिपिकाकडे. तीन ठिकाणी तीन प्रती ठेवल्या तर प्रत्येकीच्या जबाबदारीचे वेगळे पत्र काढावे लागते. अधूनमधून संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपेल आणि ब्राउझर लाल अक्षरांत 'हे स्थळ सुरक्षित नाही' म्हणेल. विद्यार्थ्यांना सांगा, घाबरू नका, खाली 'ॲडव्हान्स्ड' दाबून पुढे जा. सायबर सुरक्षेवरचे व्याख्यान त्याच आठवड्यात ठेवलेले असले तर तारीख बदलून घ्या.

१२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती असते. फोटोला हार घाला. त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. पहिला म्हणतो पुस्तके वापरासाठी असतात आणि चौथा म्हणतो वाचकाचा वेळ वाचवा. पहिल्याचे आपण पोटमाळ्यावर पाहिलेच. चौथा तुम्ही तंतोतंत पाळता, कारण दोनदा शोधून काही न मिळालेला वाचक तिसऱ्यांदा येत नाही.

पाच वर्षांनी नॅकची टीम पुन्हा येईल. तेव्हा 'डिजिटल ग्रंथालय : टप्पा दोन' असा प्रस्ताव मांडा. त्या वेळी पहिल्या टप्प्यातल्या फाईली उघडत नसतील, पासवर्ड पुण्यात असेल आणि ३१ मार्च जवळ आलेला असेल, त्यामुळे मंजुरी लगेच मिळते. पुस्तके तीच घ्या. पाठ आधीच कापलेली असल्याने दर या वेळी आणखी खाली येईल.