मंडपाविना मंगलाष्टके

गेल्या मे महिन्यात माझ्या मित्राच्या मुलीचे लग्न न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील शेक्सपिअर गार्डनमध्ये लागले. पन्नासेक माणसे जमली होती. अंतरपाट दोन मामांनी हातात धरला होता आणि मंगलाष्टके ध्वनिक्षेपकाशिवाय, नुसत्या गळ्यावर म्हटली गेली. तांदूळ वा पाकळ्या उधळण्यास तेथे मनाई असल्यामुळे प्रत्येकाने आपल्या मुठीतल्या अक्षता मुलीच्या आजीने धरलेल्या परातीत सोडल्या. होम नंतर घरी झाला. खुर्च्या मांडता येत नसल्याने वडीलधारी मंडळी बागेतल्याच लाकडी बाकांवर बसली होती. तिसरे मंगलाष्टक चालू असताना बाबागाडी ढकलत आलेली एक बाई आमच्यातून वाट काढत पुढे गेली. तिला कोणी थांबवले नाही, कारण तिला थांबवण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाच नव्हता. वीसहून अधिक माणसे जमणार असली की महापालिकेच्या उद्यान विभागाचा परवाना लागतो आणि त्याच्या अर्जाचे शुल्क २५ डॉलर असते. पण त्या परवान्याने फक्त जमण्याची मुभा मिळते, बाग आपली होत नाही.

त्या वेळी मला पुण्यातल्या आमच्या घराजवळच्या बागेवरून गेल्या दिवाळीत झालेला वाद आठवत होता. तेथे दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमासाठी तीन दिवस मंडप पडला, चालण्याची वाट बंद झाली, हिरवळीवर जनरेटर ठेवला गेला आणि रोषणाईच्या माळांसाठी झाडांना खिळे ठोकले गेले. माझा थोरला भाऊ आयोजकांपैकी एक, आणि वहिनी त्याच बागेत रोज पहाटे फिरायला जाणाऱ्या, त्यामुळे वाद घरातच पेटला. दादाचे म्हणणे असे की कवितेला आणि गाण्याला मोकळ्या आभाळाखाली जागा मिळाली नाही, तर नव्या पिढीच्या कानांवर मराठी पडणार कोठून? वहिनींचे म्हणणे त्याहून सोपे होते: बाग रिकामी नसतेच, सकाळी सहाला येऊन पाहा.

दोघांचेही मला पटते, आणि म्हणूनच कार्यक्रम हवेत की नकोत या प्रश्नावर आपण अडून राहतो याचे वाईट वाटते. साहित्याच्या नावाने उभी असलेली बाग मुकी राहावी असे मला मुळीच वाटत नाही. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकात दगडांवर कोरलेल्या कविता वाचताना कोणी एखादी मोठ्याने म्हटली, तर ती जागा अधिकच जिवंत होते. पुण्यातल्या पु. ल. देशपांडे उद्यानाची रचना जपानमधल्या ओकायामा शहरातील कोराकुएन बागेवरून घेतलेली आहे. पण त्या नावाच्या बागेत पाण्याकाठी बसून चार माणसांनी पु. लं.चे एखादे पान वाचावे, याहून साजरा कार्यक्रम कोणता?

परदेशातल्या माणसांना शिस्त उपजत असते आणि आपल्याला ती नसते, हा युक्तिवाद मी येथे अमेरिकेत राहूनही कधी स्वीकारलेला नाही. ज्या बागेत आम्ही अक्षता परातीत टाकल्या, ती शेक्सपिअरच्या मृत्यूला तीनशे वर्षे झाली तेव्हा, १९१६ मध्ये, त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पण १९७० च्या दशकात तिची पार रया गेली होती आणि १९८७ मध्ये ती नव्याने घडवावी लागली. १९८० मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने देणग्या उभ्या करून हे उद्यान सावरले. आपल्याकडे मुंबईतली मैदाने आणि उद्याने खासगी संस्थांना दत्तक देण्याच्या धोरणावरून २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये रण माजले, तेव्हा येथील उदाहरण दत्तक योजनेच्या बाजूने देण्याचा मोह अनेकांना झाला असेल. ते उदाहरण अर्धेच आहे. येथे संस्था निगा राखते, पण जमीन शहराची राहते, परवाना शहर देते आणि फाटक कोणालाही बंद करता येत नाही.

नियम झाले म्हणजे न्याय झाला, असेही नाही. शेक्सपिअर गार्डनला लागूनच डेलाकोर्ट रंगमंच आहे, जेथे उन्हाळ्यात शेक्सपिअरची नाटके विनामूल्य होतात. नाट्यनिर्माते जोसेफ पॅप यांनी उद्यानात फुकट नाटके दाखवायला सुरुवात केली, तेव्हा १९५९ मध्ये उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी प्रेक्षकांमुळे गवत झिजते, म्हणून तिकीट लावा, असा आग्रह धरला होता. पॅप न्यायालयात गेले, जिंकले आणि १९६२ मध्ये तो रंगमंच उभा राहिला. पुढे २००४ मध्ये याच उद्यानातल्या मोठ्या हिरवळीवर युद्धविरोधी सभा घेण्यास शहराने नकार दिला, तेव्हाही कारण गवताचेच होते. हे मी दादाला मुद्दाम सांगितले, कारण गवताची काळजी ही काही वेळा माणसांना बाहेर ठेवण्याची सबब होते ही त्याची शंका निराधार नाही.

तरीही झाडाला ठोकलेला खिळा ही सबब नव्हे, आणि बंद झालेली वाटही नव्हे. कार्यक्रमाने बागेच्या मापात बसावे, एवढेच मला म्हणायचे आहे. आपल्याकडे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धकाला आणि वाद्यांनाही कायद्याने मनाई आहे. मग पहाटेचे गाणे त्या वेळी नुसत्या गळ्यावर का होऊ नये? दादाने विचारले, मागच्या रांगेला ऐकू कसे जाणार? मागची रांगच नसावी, असे मी लिहिले. एकाच पहाटे दोन हजार माणसे बोलावण्याऐवजी दिवाळीच्या चार पहाटे दीडदीडशे माणसांनी सतरंजीवर बसावे, आणि शेजारून वहिनींनी आपली फेरी पूर्ण करावी.

त्यावर त्याने दिलेले उत्तर मला अजून छळते आहे: दीडशे माणसांसाठी प्रायोजक मिळत नाही, आणि गवयाला मानधन द्यावे लागते. हे खरे आहे. लग्नाला आलेल्या आम्हा मित्रांपैकी सहा जणांनी मिळून यंदाच्या एका पहाटेचे मानधन पाठवायचे ठरवले आहे. आमच्या नावाचा फलक कोठेही लागू नये आणि त्या दिवशी चालण्याची वाट उघडी राहावी, एवढेच आम्ही कळवले आहे. दादाने अजून होकार दिलेला नाही. वहिनींनी मात्र कोणत्या झाडाखाली सतरंजी घालावी याचा नकाशा वहीच्या पानावर काढून पाठवला आहे.