केनेडींचा ‘पितृदोष’ आणि शेजारच्या खुर्चीतला माणूस

‘केनेडी घराण्याचा शाप : अमेरिकेलाही मानावा लागला पितृदोष!’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केनेडी म्हणजे अमेरिकेतलं राजकारणी घराणं, राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी त्यातलाच. या भावंडांच्या बापाने लोकांचे तळतळाट घेऊन पैसा केला, म्हणून घराण्याला पितृदोष लागला. पहिला फटका थोरल्या मुलाला. हा थोरला, जोसेफ केनेडी ज्युनिअर, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाचा बाँबर चालवत होता. १९४४ साली ‘निरभ्र आकाशात, कोणतेही कारण नसताना’ त्याचं विमान फुटलं आणि ‘शास्त्रज्ञांना आजतागायत कोडं उलगडलेलं नाही’. देह सापडला नाही, अंत्यसंस्कार झाले नाहीत, आणि त्या अतृप्त आत्म्याने मग एकेक भावंड ओढून नेलं. शेवटी मुद्द्याची गोष्ट: तुमच्याही घरात कुणाचा देह मिळाला नसेल तर वेळीच जागे व्हा. दक्षिणा फक्त एकवीस हजार. खाली मोबाइल नंबर.

एरवी मी असलं काही वाचत बसत नाही. पण हा मेसेज माझ्या मावशीला आला. तिचा मोठा मुलगा मर्चंट नेव्हीत होता, जहाजावरून बेपत्ता झाला, हाती काही लागलं नाही. धाकट्याचं लग्न जुळत नाहीये. मेसेज पाठवणाऱ्या बाई तिच्याच सोसायटीतल्या, आणि वर ‘काकू, तुमच्यासाठीच आहे बघा’ अशी प्रेमळ टीप. तेव्हापासून मावशी धाकट्याला रात्री मोटरसायकल बाहेर काढू देत नाही. म्हणून हा खटाटोप.

‘कोणतेही कारण नसताना’ यापासून सुरुवात करतो. त्या विमानात सुमारे साडेनऊ टन टॉरपेक्स भरलेलं होतं. टॉरपेक्स म्हणजे टीएनटीपेक्षाही जहाल स्फोटक. योजना अशी होती की लिबरेटर जातीचा बाँबर आतून रिकामा करायचा, स्फोटकाच्या पेट्यांनी ठासून भरायचा आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या विमानातून रेडिओने हाकत नेऊन शत्रूच्या तळावर आदळायचा. अमेरिकी हवाई दल या प्रकाराला ‘अ‍ॅफ्रोडाइट’ म्हणत होतं, नौदल ‘अ‍ॅनव्हिल’. पण रेडिओवर विमान धावपट्टीवरून उचलता येईना. म्हणून दोन वैमानिकांनी ते उडवायचं, ठरलेल्या उंचीवर न्यायचं, रेडिओची पकड नीट बसली की स्फोटकाची सुरक्षा-पिन काढायची आणि पॅराशूट घेऊन उडी टाकायची.

१२ ऑगस्ट १९४४ च्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या फर्सफील्डच्या तळावरून हे विमान उडालं. रेडिओवर पहिलं वळण व्यवस्थित झालं. केनेडीने ‘स्पेड फ्लश’ हा ठरलेला संकेतशब्द उच्चारला, म्हणजे ताबा तुमच्याकडे. त्यानंतर दोनेक मिनिटांत, सफकमधल्या ब्लाइथबरा गावाजवळ, विमानाच्या चिंधड्या झाल्या. खाली गावातल्या घरांचंही नुकसान झालं.

आता यात कोडं काय आहे? नौदलाच्या इलेक्ट्रॉनिक्स अधिकाऱ्याने, अर्ल ओल्सन त्याचं नाव, त्या स्फोटक-यंत्रणेच्या वायरिंगमध्ये खोट आहे असं आधीच सांगितलं होतं. उड्डाणाच्या आदल्या दिवशी त्याने खुद्द केनेडीलाही सावध केलं होतं. कुणी ऐकलं नाही. घाई होती, वर हवाई दलाशी चढाओढ होती. अपघातानंतर नौदलाने चौकशी केली, तिच्यात वैमानिकांच्या हातून काही चुकलं असण्याची शक्यता फेटाळली गेली आणि भरकटलेल्या रेडिओ संकेताने किंवा विद्युत बिघाडाने स्फोट झाला असावा असा अंदाज बांधला गेला. नेमका कोणता, हे छातीठोकपणे सांगता आलं नाही, एवढं मेसेजवाल्याला देऊन टाकतो. तपासायला विमानाचा तुकडाच धड उरला नव्हता. पण गॅस गळत असलेल्या स्वयंपाकघरात भडका उडाला तर तो काडीने उडाला की बटणाच्या ठिणगीने, हे कळलं नाही म्हणून आपण गुरुजींना फोन लावत नाही.

आणि तीनच आठवड्यांनी, ३ सप्टेंबरला, नौदलाच्या त्याच तुकडीने तसंच दुसरं विमान हेलिगोलंड या जर्मन बेटाच्या दिशेने सोडलं. राल्फ स्पॉल्डिंग नावाचा वैमानिक ते उडवून, ताबा देऊन, उडी मारून सुखरूप उतरला. विमान पुढे चुकीच्या बेटावर जाऊन आदळलं तो भाग वेगळा. पण वैमानिक वाचला. की तीन आठवड्यांत ग्रह पालटले?

आता ज्याने माझं खरं डोकं फिरलं ते. संपूर्ण मेसेजमध्ये विमानात एकच माणूस आहे. प्रत्यक्षात दोन होते. शेजारच्या खुर्चीत लेफ्टनंट विल्फर्ड विली होता. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा, पस्तिशीचा, तीन मुलांचा बाप. ती जागा मुळात त्याची नव्हतीच. केनेडीबरोबर नेहमी उडणारा सहवैमानिक जेम्स सिम्पसन म्हणून एक तरुण एन्साइन, म्हणजे नौदलातला कनिष्ठ अधिकारी, होता. विलीने वरिष्ठ म्हणून आपला हक्क लावला आणि सिम्पसनला खाली ठेवून स्वतः चढला. तोही त्याच क्षणी, त्याच स्फोटात गेला. त्यालाही मरणोत्तर नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक मिळालं, केनेडीला मिळालं तेच. मग त्याला कुठल्या पितरांचा दोष होता? विलीच्या घरचे राजकारणात नव्हते, त्यांचा कुणी राष्ट्राध्यक्ष झाला नाही, म्हणून शापाच्या हिशेबात त्याला जागाच नाही. प्रसिद्ध घरातला माणूस गेला की शाप, साधा माणूस गेला की नुसता मेला. ज्या मेसेजला त्या विमानातली माणसंसुद्धा धड मोजता येत नाहीत, तो माझ्या मावशीला तिच्या घराचं भविष्य सांगणार.

देह न सापडल्याचा मुद्दा सगळ्यात विषारी आहे. केनेडीचा देह सापडला नाही हे खरं, सापडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ अमेरिकी सैनिकांचं स्मशान आहे, तिथे एका लांबलचक भिंतीवर ज्यांचा देह मिळाला नाही अशांची नावं कोरली आहेत. एकूण ५,१२७ नावं. केनेडीचं आहे, विलीचं आहे, विमानासकट नाहीसा झालेला प्रसिद्ध बँडवाला ग्लेन मिलरही त्याच भिंतीवर आहे. आणि ही एका भिंतीची गोष्ट झाली. देह न मिळाल्याने घराणी उद्ध्वस्त होत असती तर त्या युद्धानंतर अर्ध्या जगात माणूस शिल्लक राहिला नसता. १९४२ मध्ये ‘जुनो’ हे अमेरिकी युद्धजहाज बुडालं तेव्हा सलिव्हन आडनावाचे पाचच्या पाच सख्खे भाऊ गेले. त्यांच्या आईबापाला कुणी पितृदोष सांगितला नाही. देशाने त्यांच्या नावाने जहाज बांधलं.

आपल्याकडचंच बोलायचं, तर देह न मिळालेल्यांसाठी आपल्या शास्त्रात पूर्वापार सोय आहे. पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिच्यावर संस्कार करतात, पालाशविधी म्हणतात त्याला. समुद्रावर, लढाईत, परदेशात माणसं तेव्हाही हरवत होती आणि जुन्या लोकांना त्यांच्या आयांची काळजी होती. मावशीच्या मुलासाठी गावच्या भटजींनी तो विधी केलेला आहे. मग हा अतृप्त आत्मा आला कुठून? धर्माने जो प्रश्न मिटवला तो व्हॉट्सअ‍ॅपने उकरून काढायचा आणि दर लावायचा एकवीस हजार!

‘एकेक भावंड ओढून नेलं’ हेही तपासू. नऊ भावंडं होती. त्यांतली चार अकाली गेली: जो १९४४ मध्ये, कॅथलीन १९४८ च्या विमान अपघातात, जॉन आणि रॉबर्ट १९६३ आणि १९६८ मध्ये मारेकऱ्यांच्या गोळ्यांनी. भयंकरच आहे, नाही कोण म्हणतो? पण उरलेल्यांचं काय? युनिस अठ्ठ्याऐंशीपर्यंत जगली, स्पेशल ऑलिम्पिक्स तिने सुरू केलं. जीन २०२० मध्ये गेली, बाण्णव वर्षांची होऊन. रोझमेरी शहाऐंशी, पॅट्रिशिया ब्याऐंशी, टेड सत्त्याहत्तर. आणि ज्या आईची कूस म्हणे शापित, ती रोझ केनेडी १०४ वर्षं जगली. मेसेजमध्ये यातलं एकही नाव नाही.

बापाबद्दल मात्र मला त्याची वकिली करायची नाही. माणूस सोज्वळ नव्हता. ब्रिटनमध्ये राजदूत असताना हिटलरशी जुळवून घ्या म्हणत राहिला. १९४१ मध्ये स्वतःच्या मुलीच्या, रोझमेरीच्या मेंदूवर लोबोटॉमीची, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाचे धागे तोडण्याची शस्त्रक्रिया त्याने करवली, बायकोला न सांगता, आणि ती पोरगी जन्मभरासाठी अधू झाली. म्हणजे मेसेजचं निम्मं वाक्य बरोबर आहे, त्या घरात पाप झालं. पण ते कुणी केलं, कधी केलं, डॉक्टर कोण होते, सगळं नावानिशी माहीत आहे. त्याला शाप म्हटलं की बाप सुटतो.

‘केनेडींनी स्वतः शाप मान्य केला’ हेही एक अर्धसत्य. २५ जुलै १९६९ ला टेड केनेडी टीव्हीवर म्हणाला खरा, की आपल्या घराण्यावर खरंच काही भीषण शाप आहे का, असं त्या रात्री मनात येऊन गेलं. (ही तारीख थोरल्या जोचा वाढदिवस, मेसेजवाल्याच्या नजरेतून सुटली बहुतेक, नाहीतर त्याने त्यावरही ग्रह मांडले असते.) पण त्याच भाषणात त्याने त्या विचारांना गोंधळलेले आणि अविवेकी म्हटलं आहे. आणि प्रसंग कोणता? त्याने चालवलेली गाडी पुलावरून पाण्यात पडली, तो बाहेर आला, आत अडकलेली मेरी जो कोपेक्नी मेली, आणि पोलिसांना कळवायला याने दुसरा दिवस उजाडवला. इथेही मेलेली बाई केनेडी नव्हती. पुन्हा तेच. शाप घराण्याचा, मरण दुसऱ्याचं.

बाकीचे मुद्दे भराभर. ‘अमेरिकेचा पहिला आत्मघाती वैमानिक’: मुळीच नाही, दोघांनी उडी मारायचीच होती, पॅराशूट होती. ‘पत्रिकेत रवी-शनी’: जन्मवेळ कुणी दिली तुम्हाला? ‘हिटलरचा गुप्त तळ उडवून शहीद’: तळापर्यंत विमान पोचलंच नाही. उत्तर फ्रान्समधलं मिमोयेक हे लक्ष्य होतं, लंडनवर मारा करणाऱ्या प्रचंड तोफा जर्मन तिथे जमिनीखाली बसवत होते. ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ स्क्वाड्रनने ६ जुलैलाच तिथे टॉलबॉय नावाचे महाकाय बाँब टाकून काम निकालात काढलं होतं, फक्त ते दोस्त राष्ट्रांना कळलेलं नव्हतं. सप्टेंबरात कॅनडाच्या फौजा पोचल्या तेव्हा कळलं. केनेडीच्या लढाऊ फेऱ्या पुऱ्या झाल्या होत्या, तो घरी जाऊ शकत होता. तरी या कामाला आपणहून पुढे आला. हे खरं दुःख आहे, आणि ते सांगायला पितर लागत नाहीत.

घरच्यांनी त्याला कसं आठवलं तेही बघा. धाकट्या जॉनने मित्रांच्या, नातेवाइकांच्या आठवणी गोळा करून १९४५ मध्ये खासगी पुस्तक छापलं. नौदलाने एका विनाशिकेला त्याचं नाव दिलं. १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात, जॉन राष्ट्राध्यक्ष असताना, त्याच विनाशिकेच्या लोकांनी ‘मारुक्ला’ नावाच्या मालवाहू जहाजावर चढून झडती घेतली. आज ती मॅसॅच्युसेट्समध्ये फॉल रिव्हरला बघायला ठेवली आहे.

सोसायटीतल्या बाईंना हे सगळं पाठवलंय. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं हो’ असं उत्तर आलं. मावशीच्या फोनवरून मेसेजखालचा तो नंबर मी ब्लॉक केला आहे, आणि तुमच्या घरी कुणा म्हाताऱ्या माणसाला हा मेसेज आला असेल तर तुम्हीही करा. ज्यांना त्या नंबरवर फोन करायचाच आहे त्यांनी पैसे भरायच्या आधी विली कोण होता एवढं विचारून घ्यावं.