नुसतं ‘बार’ लिहून मोकळे!

साध्या इंग्रजी शब्दकोड्यात क्लू म्हणून नुसता ‘बार’ देतात, तेव्हा डोकंच फिरतं. तीन चौकोन. रॉड बसतो, पब बसतो, बॅनही बसतो! घाईत पब भरला की त्याला छेदणारे उभे शब्द अडतात आणि मग खोडाखोड. ब्रिटिश पद्धतीच्या जाळीत साधारण एक सोडून एक अक्षरच दुसऱ्या शब्दाला छेदतं. म्हणजे तीन अक्षरांत पडताळायला हाताशी एक, फार तर दोन.

अनेक अर्थांना हरकत नाही हो. क्रिप्टिक, म्हणजे शब्दांच्या खेळात अर्थ लपवणाऱ्या कोड्यात ‘फ्लॉवर’ म्हणजे जी ‘फ्लो’ होते ती, नदी. ‘फ्लॉवर ऑफ लंडन’चं उत्तर थेम्स. हे चोख, कारण लंडनचा दुवा दिलाय. क्लूच्या सुरुवातीच्या कॅपिटल ‘पी’आड पॉलिश लपवून त्याच स्पेलिंगच्या ‘पोलिश’चा, म्हणजे पोलंडचा भास निर्माण करणंही मान्य.

पण ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद आहे ती ‘सेट’ची, आणि तसले ढीगभर अर्थांचे शब्द क्लू म्हणून एकटेच सोडून द्यायचे? ही निव्वळ कामचुकारी! रॉड हवा असेल तर ‘बार’मागे ‘लोखंडी’ एवढा एक शब्द जोडायला काय जातं?