मामा, गाड्या वेळेवर होत्या. पुढचंही वाचा

काल रात्री परळहून आईचा फोन. "अगं, मत द्यायला जायचं की नाही? मामाने काहीतरी पाठवलंय."

मामांचा निरोप थोडक्यात असा: सगळे नेते चोर. आणीबाणीत गाड्या वेळेवर होत्या, सामान्य माणसाला त्रास शून्य. दहा वर्षं एकाच खंबीर माणसाला मोकळीक द्या, कोर्टं आणि पत्रकार गप्प करा. तोवर नोटा, म्हणजे 'यांपैकी कोणीही नाही' हे बटण, दाबा, निवडणूक रद्द होते. खाली तीन तिरंगे आणि 'दहा जणांना पाठवा'.

नेत्यांची वकिली मी करणार नाही. मी दादरला गाडी बदलते त्याहून चटकन ही मंडळी पक्ष बदलतात. पण उमेदवारावर गुन्हे किती, मालमत्ता किती, हे आपल्याला कळतं ते सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे. पक्षांना नाव न कळता देणग्या देण्याचे निवडणूक रोखे २०२४ मध्ये रद्द केले तेही त्याच कोर्टाने. नेते चोर म्हणायचे आणि त्यांच्यावरचा पहाराच उठवायचा? मग तो खंबीर माणूस आणणार कुठून, नेत्यांमधूनच ना?

गाड्या वेळेवर धावल्या असतील. मामांच्या पिढीतले बरेच जण तसं सांगतात, घ्या, मान्य.

पण 'त्रास शून्य' हे वाचून माझं डोकंच फिरलं. आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालात १९७६-७७ या एका वर्षातल्या नसबंदीचा आकडा ८१ लाखांच्या वर आहे. एवढे सगळे पुढारी होते का? आपल्याच विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. मामा, तुम्ही पाच भावंडं. आजोबांचं काय झालं असतं, विचार करा. लेखिका दुर्गाबाई भागवतांना तर याच मुंबईत अटक झाली. त्यांनी कुठे बॉम्ब ठेवला होता? त्या बोलल्या, एवढंच.

आणि कोर्ट गप्प झालं की काय होतं, तेही घडून गेलंय. बेकायदा कैदेविरुद्धचा खटला सुप्रीम कोर्टात चालू होता. सरकारचं म्हणणं, आणीबाणीत अशी दाद कोर्टात मागताच येत नाही. न्यायमूर्ती खन्नांनी विचारलं, हा युक्तिवाद माणसाच्या जिवालाही लागू होतो का? ॲटर्नी जनरल नीरेन डे यांचं उत्तर होतं की जीव बेकायदा घेतला गेला तरी कोर्ट काही करू शकत नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. विरोधात गेले ते एकटे खन्ना. पुढे त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं, त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल कोर्टाने चुकीचा ठरवून मोडीत काढला २०१७ मध्ये. एकेचाळीस वर्षांनी!

राहिला नोटा. यात अर्धं खरं आहे: महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायची, असा आदेश राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये काढला. विधानसभा-लोकसभेला तसं नाही. तिथे नोटाला कितीही मतं पडोत, उमेदवारांत जो पुढे तोच निवडून येतो. २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, बारा हजारांच्या वर मतं. निवडणुकीला धक्काही लागला नाही.

आईला म्हटलं, नोटा दाबायचा असला तरी केंद्रावर जावंच लागतं. चष्मा घेऊन जा.