दीड, अडीच आणि तिसऱ्या मजल्यावरची पोरगी

दुपारपासून डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

सकाळी मावसभावाने घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला. फ्रान्समध्ये म्हणे गणितातली हुशार मुलं लहानपणीच हेरतात, त्यांना घडवतात, म्हणून त्यांच्याकडे गणितातली सर्वांत मानाची फील्ड्स पदकं इतकी. आणि आपण अजून पाढे घोकतोय. खाली अंगठ्यांची रांग. "ताई, तू तिथेच असतेस, खरंय ना?" मी एक हसरा चेहरा टाकला आणि सोडून दिलं.

दुपारी सुपरमार्केटच्या काउंटरवर आमच्या जुन्या बिल्डिंगमधली, तिसऱ्या मजल्यावरची पोरगी बसलेली. तीन वर्षांनी दिसली. माझी कोथिंबीर स्कॅन करत म्हणाली, "मादाम, अजून पोळ्या करता का?"

आता ही पोळीची गोष्ट सांगायलाच हवी.

माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असं ठामपणे लिहून यायची. मी ओरडून झालं, नवऱ्याने समजावून झालं. ही पोरगी बाराची, खेळायला आली होती. तव्यावरून उतरलेल्या दोन पोळ्या तिने उचलल्या. एकीचे दोन तुकडे केले, दुसरीचे तीन. दोन्हींतला एकेक तुकडा लेकीसमोर ठेवला आणि म्हणाली, मोज. लेक म्हणाली, दोन. ही म्हणाली, "दोन काय? कशाचे दोन?" लेक गप्प. मग हिने सुरी घेऊन सगळ्याचे सारखे तुकडे केले, एका पोळीचे सहा या हिशोबाने. तीन आणि दोन, पाच. पाच षष्ठांश. लसावि हा शब्दही न उच्चारता.

"कशाचे दोन?" मला सहावीत हा प्रश्न कुणी विचारला असता तर मी गणिताला एवढी घाबरले नसते.

आज माझी लेक प्रेपात आहे, दुसऱ्या वर्षाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बारावीनंतर दोन वर्षं लिसेमध्येच, म्हणजे अकरावी-बारावीच्या शाळेतच, राहून पॉलिटेक्निक (आपलं डिप्लोमावालं नव्हे, इंजिनियरिंगची नावाजलेली संस्था), एकोल नॉर्माल (संशोधक-प्राध्यापक घडवणारी) वगैरेंच्या प्रवेश परीक्षांची तयारी करायची, ती प्रेपा. पॉलिटेक्निकचं टोपणनाव 'एक्स', आणि प्रवेश मिळवण्याला इथे शब्द आहे इंटिग्रेट करणं. म्हणून पोरांनी जुना विनोद करून ठेवलाय. एक्सचं इंटिग्रल एक ते दोन घेतलं की येतात तीन छेद दोन, म्हणून दुसऱ्या वर्षाची मुलं 'तीन छेद दोन'. परीक्षा हुकली आणि तेच वर्ष पुन्हा केलं, की इंटिग्रल दोन ते तीन, म्हणजे 'पाच छेद दोन'. आपल्याकडे याला सरळ शब्द आहेत, दीड आणि अडीच. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी, औटकी तोंडपाठ होती. पणती नुसतीच दीड आहे हे ऐकून त्यांना फार मजा वाटली असती.

प्रेपातली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते: कोल, म्हणजे तोंडी परीक्षा. संध्याकाळी तीन मुलं, प्रत्येकाला एक फळा, एक मास्तर आणि एक तास. प्रश्न मिळतो आणि फळ्यासमोर उभं राहून मोठ्याने विचार करायचा. चुकलात तरी मास्तर उत्तर देत नाहीत. "का?" विचारतात. परत "का?" लेकीला पहिल्या कोलला वीसपैकी चार मिळाले, ट्राममधून रडत फोन. मी विचारलं, काय विचारलं गं एवढं? तर म्हणाली, "आई, ते सारखं विचारत होते, कशाचं? कुठल्या सेटमधलं?" मला तेव्हाच पोळी आठवली होती.

तर भाऊराया, हेरणं वगैरे ऐक. २०१९ साली चौथीच्या मुलांची जी टिम्स ही आंतरराष्ट्रीय चाचणी झाली, तिच्यात गणितात फ्रान्स युरोपियन युनियनच्या देशांत सगळ्यात खाली होता. सगळ्यात खाली! त्याच्या आदल्या वर्षी सेद्रिक व्हिलानी, म्हणजे स्वतः फील्ड्सवाला माणूस, आणि शार्ल तोरोसियां यांनी गणिताचं शिक्षण सुधारायला सरकारला एकवीस उपाय लिहून दिले होते. पदकं मिळवणारे देखील ओरडतायत की पाया ढासळलाय. पदकांच्या यादीत बघ, बहुतेक सगळे पॅरिसच्या एकाच एकोल नॉर्मालमधून बाहेर पडलेले. ही काय बाग आहे? ही चाळण आहे. वर जे उरलं त्याची आरती करायची, खाली पडलं ते कुणी बघायचं नाही.

बरं, कबूल. सरकारी लिसेतली प्रेपा फुकट आहे, कोट्यासारखी जमीन विकावी लागत नाही. एकोल नॉर्मालमध्ये तर युरोपीय मुलांना शिकण्याचा पगार मिळतो. लेखी पेपर तपासणाऱ्याला नाव दिसत नाही. हे सगळं चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण फळ्यापर्यंत पोचलात तर!

ती पोरगी का नाही पोचली? २०१९ च्या सुधारणेत लिसेच्या शेवटच्या दोन वर्षांत गणित सगळ्यांसाठीचं राहिलं नाही. तीन खास विषय निवडायचे, गणित त्यातलं एक. ही नेमकी त्या पहिल्याच वर्षात सापडली. शाळेत कुणीतरी सांगितलं, गणित जड जाईल, आणि तुला ते लागणार कुठे? सोळाव्या वर्षी! पोळीवर पाच षष्ठांश समजावणाऱ्या पोरीला! गणित सोडणाऱ्यांत मुलीच जास्त निघाल्या, मग देशभर ओरड झाली, आणि २०२३ पासून ज्यांनी गणित घेतलं नाही त्यांनाही एक वर्ष सक्तीचं केलं. आठवड्याला किती? दीड तास. पुन्हा दीड. तोवर ही कधीच बाहेर पडली होती.

एव्हारिस्त गाल्वा हा थोर फ्रेंच गणिती पॉलिटेक्निकच्या परीक्षेत दोनदा नापास झाला आणि विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात मेला, हे सगळे चवीने सांगतात. त्याच्या रिशार मास्तरांनी त्याच्या वह्या जपून ठेवल्या, हे कमी सांगतात. तिसऱ्या मजल्यावर कुणी रिशार आला नाही.

इथवर टाइप करून चहा करायला उठले आणि राग माझ्यावरच उलटला.

कारण आम्हाला तरी प्रेपा कुठे ठाऊक होती? नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने जेवताना सहज सांगितलं, मुलीला गणित सोडू देऊ नका, अमुक लिसेत अर्ज करा. एवढंच. तिचे आईवडील अल्जीरियाहून आलेले, त्यांच्या टेबलावर हे सांगणारं कुणी नव्हतं. आणि मी? तिने गणित सोडलं तेव्हा मी लिफ्टमध्ये ऐकलं होतं. "अरे वा, मग आता काय घेतलंस?" म्हणाले होते. आमच्या मुलीला जिने अपूर्णांक शिकवले, तिला दोन मजले उतरून एक वाक्य सांगायला मी गेले नाही. तेव्हा शाळेला शिव्या देताना जरा जीभ अडखळतेय.

आज तिने विचारलं, "तुमची काय करते आता?" मी म्हटलं, प्रेपा. "फळ्यावर? एकटीने?" डोळे चमकले तिचे. मागे रांग होती, एका आजोबांनी बास्केट आपटली.

रविवारी तिला जेवायला बोलावलंय. लेकीने फोनवर बजावलंय की गणिताचा विषय काढायचा नाही, सोमवारी तिची कोल आहे. बघू.