एक फेरी पूर्ण होऊ द्या

उंच मनोऱ्यावरच्या फिरत्या रेस्टॉरंटमध्ये जाऊन आलेली माणसे बहुधा आधी उंचीबद्दल सांगतात, मग बिलाबद्दल, आणि शेवटी जेवण यथातथाच होते असे म्हणून विषय संपवतात. फिरण्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही, आणि मला नेमके त्याविषयीच लिहायचे आहे. माझे मत असे आहे की अशा ठिकाणी पाहुणा पैसे मोजतो ते एका पूर्ण फेरीचे. ती फेरी संपण्याआधी त्याला टेबल सोडायला लावणे म्हणजे त्याला भरल्या ताटावरून उठवणे होय. हे मत दोन वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी तयार झाले आणि त्या संध्याकाळचा राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही.

माझे वडील तरुणपणी एका शहरात चार वर्षे नोकरीला होते. नदीपलीकडे, शहराच्या दक्षिण टोकाला, पाण्याच्या एका जुन्या टाकीजवळ त्यांची भाड्याची खोली होती. ती इमारत केव्हाच पाडली गेली हे त्यांना ठाऊक होते, पण टाकी अजून उभी आहे असे त्यांनी कोणाकडून तरी ऐकले होते. वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांना जिने आणि गल्लीबोळ झेपत नाहीत, म्हणून मी त्यांना त्या शहरातल्या मनोऱ्यावर जेवायला घेऊन गेले. लिफ्टने वर जायचे, खुर्चीत बसायचे आणि अख्खे शहर आपल्यासमोरून जाऊ द्यायचे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला शहर दाखवण्याची याहून चांगली सोय मला तेव्हा सुचली नाही आणि आजही सुचत नाही.

आम्ही बसलो तेव्हा समोर पश्चिम होती. जमीन आम्हांला हळूहळू उजवीकडे नेत होती, त्यामुळे पश्चिमेनंतर उत्तर, मग पूर्व आणि सर्वांत शेवटी दक्षिण येणार, हे बाबांनी दोन मिनिटांत ताडले. "आपली बाजू शेवटी आहे, सावकाश जेवू या," असे ते म्हणाले आणि त्यांनी चष्म्याचे घर काचेखालच्या रुंद कट्ट्यावर ठेवले. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला तर घर तिथे नव्हते. ते होते तिथेच होते. आम्हीच सात-आठ मीटर पुढे गेलो होतो.

हे असे का होते ते मी नंतर समजून घेतले. अशा बहुतेक ठिकाणी संपूर्ण मजला फिरत नाही. मधला गाभा, ज्यात लिफ्ट, स्वयंपाकघर, जिना आणि स्वच्छतागृहे असतात, तो स्थिर असतो, आणि बाहेरची भिंत व काचाही बहुधा स्थिरच असतात. या दोहोंमधला, टेबले मांडलेला बांगडीसारखा जमिनीचा पट्टा तेवढा रुळांवरून चाकांच्या आधाराने सरकत राहतो. वजन सगळीकडे सारखे वाटलेले असल्यामुळे एवढा भार हलवायला लागणारी ताकद आश्चर्य वाटावे इतकी कमी असते. सिएटलमध्ये १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या स्पेस नीडल या मनोऱ्यावरचे फिरते उपाहारगृह मुळात अवघ्या एका अश्वशक्तीच्या मोटरवर फिरत असे. आपण हात धुवायला उठतो, पाच मिनिटांनी परत येतो आणि टेबल जागेवर नसते, याचेही कारण हेच. तासाभराची फेरी असेल तर पाच मिनिटांत ते ३० अंश पुढे सरकलेले असते. तिथल्या वेटरमंडळींचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडताना त्यांना दर खेपेला नव्याने टेबल शोधावे लागते, आणि आमच्या टेबलावर तरी एकदाही चुकीचे ताट आले नाही.

आता गतीविषयी. तासात एक फेरी म्हणजे मिनिटाला सहा अंश, म्हणजेच घड्याळाच्या मिनिटकाट्याची गती. पट्ट्याचा बाहेरचा व्यास ३० मीटर धरला तर काचेजवळचा माणूस सेकंदाला जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकतो. आपल्या आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका फिरण्याच्या गतीत होणारा बदल ओळखतात. संथ आणि एकसारखे फिरणे त्यांना जाणवत नाही. म्हणून शरीर सांगत राहते की आपण स्वस्थ बसलो आहोत, आणि डोळे सांगतात की मघाशी दिसणारा पूल आता नाही. या दोन साक्षींच्या मधल्या फटीत या जागेची सगळी जादू आहे, असे मला वाटते. काटा सरकताना कधीच दिसत नाही, पण सरकलेला दिसतो, तसेच इथे शहराचे होते. आपण बोलण्यात रंगतो, मान वर करतो, आणि समोर दुसरीच वस्ती असते.

ही जादू गतीवर अवलंबून आहे, आणि म्हणूनच गतीशी खेळणे मला मान्य नाही. टोरांटोच्या सी. एन. टॉवरवर, जमिनीपासून ३५१ मीटर उंचीवर असलेले रेस्टॉरंट एका फेरीला ७२ मिनिटे घेते. इतक्या उंचीवरून स्वच्छ हवेत क्षितिज सुमारे ६७ किलोमीटरवर असते, आणि एवढा मुलूख पाहायला ७२ मिनिटे मला योग्यच वाटतात. लंडनचा पोस्ट ऑफिस टॉवर १९६६ मध्ये लोकांसाठी खुला झाला, तेव्हा त्याच्या ३४ व्या मजल्यावरचे उपाहारगृह २२ मिनिटांत एक फेरी पुरी करत असे. मिनिटाला १६ अंशांहून अधिक, म्हणजे एखादी इमारत ओळखून ती शेजारच्याला दाखवेपर्यंत ती पुढे जाणार. १९७१ मध्ये त्या मनोऱ्यावर बॉम्बस्फोट झाला आणि १९८० मध्ये ते उपाहारगृह बंदच झाले, त्यामुळे त्याच्या गतीविषयी तक्रार करण्यात आता अर्थ नाही. पण बर्लिनचे उदाहरण मला खरेच खटकते. तिथला ३६८ मीटर उंचीचा दूरचित्रवाणी मनोरा १९६९ मध्ये उघडला, आणि २०० मीटरच्या वर असलेले त्याचे उपाहारगृह सुरुवातीला तासात एक फेरी घेत असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नूतनीकरण झाले आणि फेरी अर्ध्या तासाची झाली. त्यामागे काय हिशेब असेल तो असो; ज्या गोष्टीचे मोल तिच्या संथपणात आहे ती दुप्पट वेगाने देणे ही सुधारणा आहे, असे मी मानणार नाही.

या जागांचे आणखी एक मोठेपण आहे, आणि ते माझ्या लेखी उंचीपेक्षाही मोठे आहे. साध्या उपाहारगृहात खिडकीजवळचे चांगले टेबल ओळखीच्या माणसाला मिळते आणि उरलेल्यांच्या वाट्याला खांबामागची जागा येते. फिरत्या उपाहारगृहात काचेजवळच्या रांगेपुरती तरी ही विषमता नाहीशी होते, कारण सूर्यास्ताची बाजू, नदीची बाजू, कारखान्यांची आणि दाटीवाटीच्या वस्तीची बाजू सगळ्यांपुढून येते आणि सगळ्यांपुढून जाते. रोमन सम्राट नीरोच्या महालातला मुख्य भोजनकक्ष गोल होता आणि तो रात्रंदिवस आकाशासारखा फिरत असे, असे सुएटोनियस या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे; २००९ मध्ये रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर झालेल्या उत्खननात सापडलेली गोल वास्तू म्हणजे तोच कक्ष असावा, असे उत्खनन करणाऱ्या तज्ज्ञांचे मत आहे. जे सुख एका सम्राटाने स्वतःसाठी बांधून घेतले ते विसाव्या शतकात तिकीट आणि बिल भरणाऱ्या कोणालाही खुले झाले. १९५९ मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंड येथे, १९६१ मध्ये कैरो आणि होनोलुलू येथे, मग सिएटलमध्ये, आणि त्यानंतर जगभर अशी उपाहारगृहे झपाट्याने उभी राहिली. ती हौस पुढे ओसरली. अटलांटामधल्या एका हॉटेलवरचा निळ्या घुमटाचा 'पोलारिस' १९६७ मध्ये शहरात उठून दिसत होता. नंतर त्याच्याभोवती त्याहून कितीतरी उंच इमारती झाल्या, आणि ज्या काचेतून शहर दिसायचे तिच्यातून शेजारच्या कचेऱ्या दिसू लागल्या. तो २००४ मध्ये बंद पडला आणि २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाला, हे वाचून मला आनंद झाला होता.

ही समानता मात्र पूर्ण फेरीवर टिकून आहे. फेरी ८० मिनिटांची आणि टेबल ६० मिनिटांचे असेल, तर ९० अंश कोणाच्या तरी वाट्यातून कापले जातात, आणि ते कोणते हे तो कोणत्या दिशेला तोंड करून बसला यावर ठरते. आमच्या बाबतीत ती दक्षिण होती.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला न मागता बिल आले. नदीचे वळण काचेच्या कडेला नुकते डोकावू लागले होते. मी त्या तरुण वेटरला सांगितले की आम्हांला आणखी वीस मिनिटे हवी आहेत, पुन्हा काही मागवायचे असेल तर मागवतो. त्याने अवघडून व्यवस्थापकाकडे पाहिले, आणि व्यवस्थापकांनी येऊन पुढचे पाहुणे खाली थांबले असल्याचे अत्यंत नम्रपणे सांगितले. पन्नासाव्या मिनिटाला आम्ही उठलो. बाबांचे चष्म्याचे घर पश्चिमेच्या कट्ट्यावर राहिले होते, ते आणायला जाण्याचा जवळचा रस्ता दक्षिणेच्या काचांवरूनच जात होता. बाबा माझा हात धरून त्या टेबलांच्या बाजूने चालले. तिथे अनोळखी कुटुंबे जेवत होती. त्यांच्या डोक्यांवरून त्यांनी एकदा बाहेर पाहिले, पण दुसऱ्यांच्या टेबलाशी घुटमळणे त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून ते थांबले नाहीत. लिफ्टमध्ये मी विचारले तेव्हा म्हणाले, "टाकी काही दिसली नाही. असेल तिथेच."

चालकांची अडचण मला समजते. पट्टा अरुंद असतो, टेबले मोजकी असतात, भाजीपासून पाण्यापर्यंत सगळे लिफ्टने वर चढवावे लागते, आगीविषयीचे नियम जमिनीवरच्या उपाहारगृहापेक्षा कडक असतात, आणि रुळ, चाके, मोटर यांची देखभाल कायमची मागे लागलेली असते. टेबल लवकर रिकामे झाले तरच गणित जमते, असे ते म्हणत असतील तर मी ते खोटे मानत नाही. माझी मागणी एवढीच आहे की टेबलाची वेळ फेरीच्या वेळेपेक्षा कमी ठेवू नका. खर्च भागत नसेल तर दर वाढवा, आम्ही वर्षातून एकदा येऊ. टेबल राखून ठेवतानाच फेरी किती मिनिटांची आहे आणि जमीन कोणत्या दिशेने फिरते, हे सांगा. म्हणजे ज्याला जी बाजू पाहायची आहे त्याला आपली वेळ ठरवता येईल. रात्री आतले दिवे मंद ठेवा, कारण काचेत आपलेच चेहरे पाहायला कोणी एवढ्या उंचीवर येत नाही. ढग खाली उतरून काहीच दिसणार नसेल, तर तेही लिफ्टमध्ये चढण्याआधी सांगा.

पाच महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी आधी फोन केला, गर्दीची वेळ टाळून दुपारचे साडेतीन मागितले आणि आम्हांला पूर्ण फेरी बसायचे आहे असे स्पष्ट सांगितले. फोनवरच्या बाईंनी कारण विचारले, मी सांगितले, आणि त्यांनी ८० मिनिटे टेबलाला कोणी हात लावणार नाही असा शब्द दिला. तो पाळला गेला, हेही इथे लिहिणे माझे कर्तव्य आहे.

बाबांनी चष्म्याचे घर खिशातच ठेवले. उत्तर आणि पूर्व त्यांनी शांतपणे पाहिली, जेवले, कॉफी मागवली. मग नदी आली. खुर्चीत बसून एका वेळी सुमारे ९० अंश नीट दिसतात, त्यामुळे ८० मिनिटांच्या फेरीत एखादी जागा काचेच्या एका कडेला उगवल्यापासून दुसऱ्या कडेला मावळेपर्यंत २० मिनिटे मिळतात. पहिली सहा-सात मिनिटे पूल मोजण्यात आणि नव्या इमारतींमधून जुना रस्ता शोधण्यात गेली. नंतर त्यांनी काचेवर बोट टेकवले. टाकी होती, रंग बदललेला होता, आणि तिच्या डाव्या बाजूला जिथे त्यांची खोली होती तिथे आता वाहनतळ होता. खोलीत तिघे राहत होते, पाणी पहाटे चारला येई, एकाला पहिला पगार झाला त्या रात्री तिघे टाकीच्या पायऱ्यांवर बसून राहिले होते, हे सगळे मी त्या दिवशी प्रथमच ऐकले. बोट काचेवर तसेच होते आणि टाकी त्याच्याखालून सरकत होती. दर मिनिटा-दोन मिनिटांनी ते बोट थोडे उजवीकडून डावीकडे नेत होते, आणि टाकी काचेच्या कडेला जाऊन दिसेनाशी होईपर्यंत बोलत होते.